ठिबकच्या नळीची गाठ

उन्हात तापलेल्या काळ्या पाइपाचा वास आला, की मला अजूनही सासऱ्यांचा राग येतो. वडगावातल्या आमच्या परसात मी ठिबक बसवलं होतं. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, म्हणून टाकीपासून प्रत्येक झाडाच्या बुडाशी थेंब थेंब पाणी पडेल अशी एकेक बारीक नळी नेली होती. ऐन एप्रिलमध्ये दोन दिवस माहेरी काकतीला गेले आणि परत येऊन बघते तर वांगी, मोगरा, सगळ्यांनी माना टाकलेल्या. सासऱ्यांनी प्रत्येक नळी दुमडून साडीच्या सुतानं आवळून बांधली होती. जन्म हातमागावर साड्या विणण्यात गेलेला माणूस, गाठीसुद्धा एकसारख्या! "आप्पा, हे काय केलंत?" मी ओरडलेच. "अगं, जागोजागी गळत हुतं. दुकानदारानं फसिवलंय तुला," ते म्हणाले, गल्लीभर तसं सांगूनही आले होते. एकही गाठ नखांनी सुटेना, शेवटी सगळं सूत कात्रीनं कापलं. आता ते नाहीत. आज एक वाळलेलं झाड उपटलं आणि त्याची नळी बंद करायला मी तसंच सूत घेऊन बसले. चार वेळा बांधलं, चारही वेळा गळतंय. एवढ्या गाठी मारल्या, त्यातली एक मला शिकवून जायला काय झालं होतं त्यांना?