खंडेनवमीचा डोंगल

आमच्या लालबागच्या घरात खंडेनवमीला हत्यारं पुजतात. वडील गिरणीत होते तेव्हापासूनची ही रीत. त्यांची कातर, पक्कड, आईची विळी, सगळं पुसून पाटावर मांडायचं, हळद-कुंकू वाहायचं आणि दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही.

यंदा नेमकी नवमीलाच, सकाळी अकराला, बायकोची ऑनलाइन मुलाखत होती. मुलगी झाल्यावर तिने नोकरी सोडली, त्याला बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत कुणी बोलावलं ते पहिल्यांदाच. आधी टायपिंगची परीक्षा असल्यामुळे मोबाइल चालणार नव्हता, घरचा कॉम्प्युटरच हवा होता. सव्वादहाला तिने तो चालू केला, तर वायफाय गायब.

घरात या विषयातला तज्ज्ञ मी. म्हणजे तसं मीच ठरवलेलं आहे. राउटर तीनदा बंद करून चालू केला, कॉम्प्युटर दोनदा. राउटरचे दिवे हिरवे, मोबाइलवर नेट व्यवस्थित, कॉम्प्युटरवर मात्र नेटवर्कची यादीच येईना. माझं डोकं सटकलं. कॉम्प्युटर विकणाऱ्याला बोललो, आदल्या दिवशी त्यावर गेम खेळलेल्या मुलीला बोललो. काय शोधतोस म्हणून आईने विचारलं, तर तिला म्हणालो, "तुला यातलं काही कळत नाही, तू गप्प बस." ती देव्हाऱ्याकडे वळली.

शेवटी नेटवाल्यांना फोन लावला. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, कॉम्प्युटरच्या मागे डोंगल नीट बसलाय ना? वायफाय पकडणारा तो बोटाच्या पेराएवढा तुकडा. मी वाकून पाहिलं. जागा रिकामी होती.

मी पुन्हा मुलीवर घसरणार, तेवढ्यात बायकोने आईला विचारलं, इथलं काळं, छोटंसं काही पाहिलंत का? आईने देव्हाऱ्यापुढच्या पाटाकडे बोट केलं. वडिलांच्या कातरीशेजारी डोंगल होता, त्यावर कुंकवाचं बोट. अख्खा कॉम्प्युटर पाटावर मावेना, म्हणून त्यात मुख्य काय असतं ते तिने सकाळी नातीला विचारून घेतलं होतं.

"तुझी नोकरी हेच्यारच येतली ना," आई तिच्या मालवणीत सुनेला म्हणाली, "म्हणान पुजलंय."

पुजलेलं हत्यार उचलायचं नाही, हा दंडक तिचाच. तिने पाटाला हात जोडले, डोंगल उचलला, पदराने पुसला आणि सुनेच्या हातात ठेवला. मिनिटभरात नेट लागलं. मला स्वतःची लाज वाटत होती. तरीही, पुन्हा काही अडलं तर हाताशी असावं म्हणून, मी खुर्ची ओढून बायकोशेजारी बसायला लागलो.

"अहो, तुम्ही जरा बाहेर गॅलरीत थांबा," ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "आईंना बसू दे इथे."

मी बाहेर आलो. आईने आतून दार लोटून घेतलं.