सोळा नंबर मोकळा ठेवा

वसईच्या पाचूबंदरात ऐंशी सालानंतर मासेमारी बोटींवर वायरलेस आले. किनाऱ्यावरचा सेट सांभाळायला मच्छीमार सोसायटीने क्लेमेंटीनला बसवलं, ते तिच्या खणखणीत आवाजामुळे. बाजारात तिने हाक मारली की गलबल्यातूनही गिऱ्हाईक वळून बघायचं.

सेट बसवणाऱ्याने सांगितलेल्या एका गोष्टीची तिने मनाशी खूणगाठ बांधली होती. सोळा नंबरचा चॅनल सगळ्यांचा. त्यावर हाक मारायची, बोटीचं नाव सांगायचं आणि बोलायला लगेच दुसऱ्या नंबरवर जायचं. अडचणीत सापडलेल्याला सोळा मोकळाच मिळाला पाहिजे. बोटी हाकणारी तांडेल मंडळी मात्र सोळावरच बोंबलाचा भाव काढत बसायची. मग ती मध्येच कडाडायची, "फ्रान्सिस, भाव बहात्तरवर सांग! इथं कोनाचा जीव अडकला असंल!" फ्रान्सिस हसायचा, पण नंबर बदलायचा.

एकदा भर दुपारी सोळावर टेपवरचं गाणं सुरू झालं. मागून कुणीतरी म्हणालं, "कालवनात कोकम टाक." क्लेमेंटीनने ओरडून पाहिलं, उत्तर नाही. तिच्या ध्यानात आलं, कुणाच्या तरी माइकचं बटण दाबलेलं राहिलंय. बटण दाबलेलं असेतो त्याला काही ऐकू जाणार नव्हतं, आणि त्याच्या आवाजाखाली बाकीचे सगळे बुडणार होते.

तेवढ्यात चर्चची घंटा झाली. खिडकीतूनही आली, सेटमधूनही आली. म्हणजे बोट जवळच आहे!

ती तशीच धावली. खाडीच्या तोंडाशी तीन बोटी भरतीची वाट बघत नांगरून होत्या. शेजारचा व्हिन्सेंट काठाला होडीत जाळं आवरत होता. "वल्हव," एवढंच म्हणून ती आत चढली. पहिल्या बोटीवर सामसूम होती. दुसरीवर गाणं वाजत होतं, आणि माइक तांदळाच्या गोणीखाली दबला होता. ती फ्रान्सिसचीच बोट होती.

क्लेमेंटीनने गोणी ढकलली. गाणं वाजवणाऱ्या टेपचा कान तिने पिरगळला. त्याच क्षणी सेट खरखरला, "...पानी भरतंय... कोनी आयकता का..."

आवाज काशिनाथ तांडेलचा होता! फ्रान्सिसचा चेहरा पांढराफटक पडला. क्लेमेंटीनने माइक उचलला. आवाज जराही कापू न देता ती म्हणाली, "काशिनाथ, आयकलं. कुठं आहेस, किती मान्सं, तेवढंच सांग. बाकी कोनी तोंड उघडू नका."

"अर्नाळ्याच्या भायेर... सात मान्सं..."

अर्नाळ्याजवळच्या दोन बोटींना तिने नावाने हाक मारली. त्यांनी जाळी कापून टाकली आणि त्या वळल्या. त्या पोचल्या तेव्हा काशिनाथची बोट काठापर्यंत बुडाली होती. माणसं सगळी मिळाली.

संध्याकाळी काशिनाथ बंदरात उतरला. इतका वेळ ओरडून त्याचा घसा पार बसला होता. क्लेमेंटीनपुढे येऊन त्याने बोलायचा प्रयत्न केला, पण शब्द फुटेना. नुसते हात जोडले.

"बोलू नको," ती म्हणाली आणि पेजेचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला. "आधी गरम गरम पी."