बाईंची एकतीस केंद्रं

यंत्रांशी इतक्या अदबीनं वागणारं माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या अख्ख्या जंगलपट्ट्यात दुसरं नसेल. आमच्या चंद्रपूरच्या ऑफिसातल्या या बाई सर्व्हरच्या खोलीत चपला काढून शिरतात आणि बिघडलेल्या राउटरला आधी ‘काय झालं बाप्पा तुले?’ असं विचारतात. आमच्या संस्थेची रक्ततपासणी केंद्रं एकतीस, पार राजुऱ्यापासून सिरोंचापर्यंत. प्रत्येक ठिकाणी एक राउटर. त्याचा साधा पासवर्ड बदलायचा तरी बाई एसटीनं जात. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना त्यांनी जाहीर केलं, “मी आता प्रोग्राम लिहाले शिकून राह्यली. इथी एकडाव लिहाचं, एकतीस जागी आपोआप होते.”

आम्ही मनात हसलो. असल्या प्रोग्रामच्या फाइलीत ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा जराशी चुकली तरी सगळं अडतं. बाई धानशेतीच्या घरातल्या. पडद्यावर बोटं टेकवून ती जागा मोजत आणि म्हणत, “रोवण्यात ओळ वाकडी गेली तं बाप परत बांधीच्या चिखलात उतरवे. हे बी तसंच हाय.”

पहिला प्रयोग एटापल्लीच्या राउटरवर झाला. एक ओळ चुकली आणि एटापल्लीचा संपर्कच तुटला. तिकडे लोक अहवालासाठी ताटकळलेले. साहेब म्हणाले, “बाई, पुरे आता. जुनीच पद्धत बरी.” बाईंनी केबलची पिशवी उचलली. “चूक माही हाय, मीच जाते.” खनिजाच्या ट्रकांमागून रखडत एसटी पोचली. बाईंनी राउटर सुरू केला आणि बाकावरच्या प्रत्येक माणसाला सांगितलं, “तुमचा खोळंबा माह्यामुळं झाला.” तिथल्या लॅबवाल्यानं मला हे फोनवर सांगितलं, तेव्हा बाईंच्या टेबलापुढेही चपला काढाव्यात असं वाटलं.

परतल्यावर त्यांनी प्रोग्रामात नवी अट घातली: बदलानंतर दहा मिनिटांत चंद्रपूरशी संपर्क झाला नाही, तर राउटरनं आपणहून जुन्या सेटिंगवर यावं. मग महिनाभर टेबलावरच्या एका जुन्या राउटरवर मुद्दाम चुका करून पाहिल्या. अखेर साहेबांनी मान डोलावली त्या दुपारी बाईंनी एंटर दाबलं. माझा चहा निवायच्या आत पडद्यावर एकतीस गावांची नावं एकेक करून हिरवी झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंनी मात्र फोन उचलला आणि एकतीसही केंद्रांना विचारलं, “चालू हाय ना? पक्कं पाह्यलं?”

आता त्यांना कुठं जावं लागत नाही. गेल्या महिन्यात मात्र त्यांनी दोन दिवसांची रजा टाकली, सिरोंचाला जायला.

“तिथं तर सगळं चालू आहे, बाई.”

“म्हणूनच चालली,” त्या म्हणाल्या. “इतक्या खेपा केल्या, पण तिथची प्राणहिता नदी काई धड पाह्यली नाई.”