मशीनला भिणारी अक्का

मशीन सुरू करण्याआधी अक्का गळ्यातलं लिंग आत सरकवायची. आम्हा लिंगायतांत ते अंगावरून उतरवत नाहीत, आणि फिरत्या पात्याजवळ गळ्यात काही लोंबतं ठेवणं धोक्याचं. म्हणून ती दोऱ्यासकट लिंग एका फडक्यात गुंडाळून छातीशी घट्ट बसवायची. वरून दाजींचा जुना शर्ट चढवून गळ्यापर्यंत बटणं लावायची, बांगड्या काढून खिडकीत ठेवायची. मग कारखान्यात जो कुणी बोलत असेल त्याच्याकडे नुसती बघायची. बोलणं थांबल्याशिवाय तिचा हात बटणाकडे जात नसे.

“अक्का, मशीनला नमस्कार घालताय का माफी मागताय?” तिचा मिस्त्री दस्तगीर चिडवायचा.

“भितो मी तिला,” अक्का म्हणायची. “तूबी भी. जो भीत न्हाई त्याचीच बोटं ती मागून घेती.”

अक्का माझी मोठी बहीण. आमचं गाव कर्नाटकच्या हद्दीला लागून, घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात. त्यामुळे मी चाळिशी ओलांडून कॉलेजात ग्रंथपाल झालो तरी तिचा ‘तम्मा’, धाकटा भाऊच राहिलो. कळंब्याच्या रस्त्याला प्लायवूडची कपाटं करायचा छोटा कारखाना दाजींनी काढला होता. त्याच मशीनवर, अक्काच्या डोळ्यांसमोर, दाजींची दोन बोटं गेली. पुढे ते हृदयविकारानं गेले, पण अक्काच्या बोलण्यात त्यांच्या मरणापेक्षा ती बोटंच जास्त यायची. “आवाजसुदीक बदलला न्हाई रं मशीनचा,” ती म्हणायची. “लाकूड कापताना जसा, तसाच.” कारखाना विकायचा सल्ला सगळ्यांनी दिला. तिनं तो चालवायला घेतला.

दुपारच्या सुट्टीत मी तिच्याकडे जेवायला जायचो. दाराशी, भिंतीला पाठ लावून उभा राहायचो, कारण तिच्या पाठीमागून कुणी आलेलं तिला चालत नसे. प्लायचे दोन तुकडे कडेला कड लावून जोडायचे, तर ती नुसत्या गमवर विश्वास ठेवायची नाही. दोन्ही कडांच्या पोटात लांब खाच पाडायची, त्यात पातळ प्लायची पट्टी जिभेसारखी बसवायची, मग गम आणि शिकंजे. खाच पाडण्याआधी सुरीनं दोन रेघा ओढायच्या, म्हणजे वरचा पापुद्रा उचकटत नाही. आधी टाकाऊ तुकड्यावर खाच पाडून पट्टी घालून बघायची. “पट्टी अंगठ्यानं आत गेली पायजे. हातोडा मागितला तर खाच चुकली, आपसूक गेली तरीबी चुकली.”

पण तिचं खरं वाक्य दुसरंच. प्रत्येक तुकडा उचलला की ती विचारायची, “तोंड कुठं हाय?” दिसणाऱ्या बाजूवर ती खडूनं फुली मारायची आणि खाच पाडताना दोन्ही तुकड्यांची फुली मशीनच्या आडव्या टेकणाकडेच, म्हणजे फळी ज्याला टेकून सरकते त्या पट्टीकडेच ठेवायची. मग खाच कडेच्या अगदी मध्यात नसली, जरा इकडेतिकडे असली, तरी दोन्हीकडे सारखीच सरकलेली असते आणि जोड सपाट येतो. एकदा दस्तगीरनं घाईत एक तुकडा उलटा धरला. जोडल्यावर फळीला मधोमध पायरी आली. अक्का त्या पायरीवरून बोट फिरवत म्हणाली, “दस्तगीर, गिऱ्हाइकाला सांग, कपाटाला जिना फुकट हाय.”

ते बोट फिरवणं तिच्या कामाचा अर्धा भाग होतं. जोड आला की ती डोळे मिटून कडेवरून बोट न्यायची आणि मगच होकार द्यायची.

मला पहिल्यांदा भीती वाटली ती चहामुळे. टपरीवरून उकळता चहा काचेच्या ग्लासात आला होता. मी ग्लास उचलून लगेच खाली ठेवला. अक्कानं तिचा ग्लास मुठीत धरला आणि बोलत राहिली. “पोरगं गार चहा आणतंय आताशा,” ती म्हणाली. मी तिची मूठ उघडली. बोटांची टोकं लाल झाली होती.

“अक्का, भाजतंय की!”

तिनं हाताकडे पाहिलं, कुणा दुसऱ्याचा हात असल्यासारखं. मग ग्लास हळूच खाली ठेवला.

साखर बरीच वर्षं होती, डॉक्टर म्हणाले. आता नसांवर उतरली आहे. मी त्याच दिवशी मशीन बंद करायला सांगितलं. अक्कानं ऐकून घेतलं. “बोटं झोपल्यात तम्मा, डोळं न्हाईत झोपलं,” ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी शर्ट चढवून उभी राहिली.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते नीट सांगता येत नाही. वाचनालयात कुणी खुर्ची ओढली तरी मला पात्याचा आवाज ऐकू यायचा. फोन वाजला की दस्तगीरचं नाव दिसू नये असं वाटायचं. अक्काही भीत होती, पहिल्यापेक्षा जास्त. आता प्रत्येक काप संपला की ती मशीन बंद करायची, दोन्ही पंजे तोंडासमोर धरायची, बघायची आणि म्हणायची, “हायत.” दस्तगीरही मग हसायचा नाही. जोडावरून बोट फिरवायचं तिनं सोडलं होतं. ती आता फळीला गाल लावायची.

एका दुपारी मी दाराशी उभा असताना ती लांब तुकडा पुढे ढकलत होती. नजर फुलीवर होती. डाव्या हाताची करंगळी फळीच्या खाली घसरली आणि पात्याच्या वाटेवर येऊन पडून राहिली. तिला त्याचा पत्ता नव्हता. फळी पुढे जात होती, फळीबरोबर करंगळी. दस्तगीरनं भिंतीवरचा मुख्य खटका पाडला. पातं फिरत फिरत थांबलं.

अक्कानं मान वाकवून करंगळी शोधली, दुसऱ्या हातानं उचलून वर घेतली. बराच वेळ ती प्लायच्या थप्पीवर बसून होती. मग तिनं दाजींचा शर्ट काढला, घडी घातली आणि दस्तगीरच्या हातात दिला.

“आजपास्नं तू. बोलणाऱ्याला गप कर, मगच बटण दाब.”

“व्हय अक्का,” तो म्हणाला.

त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी शांत झोपलो. अक्का कारखान्यात येतच राहिली. खडूची फुली मारायची, गम लावायची, शिकंजे आवळून घ्यायची, दस्तगीरला शिव्या द्यायची. मशीनपासून लांब, भुश्शातून चपला ओढत इकडून तिकडे फिरायची. तिची दहाही बोटं शाबूत होती. मी रोज तीच बघायचो. ती चहा द्यायला लागली की बघायचो, ताट वाढायला लागली की बघायचो.

खिळा बारीक होता. चपलेतून वर आला आणि तळव्यात गेला. ती त्याच्यावर किती चालली कुणास ठाऊक. भुश्शावर ओले काळे ठिपके दिसले तेव्हा दस्तगीरला वाटलं, पॉलिश सांडलंय.

दवाखान्यात नेलं तेव्हा पाय काढायचं ठरलं, पण तोवर विष रक्तात गेलं होतं. मी तिच्या पायथ्याशी बसलो होतो.

“तम्मा, पाय धरलास काय?”

“धरलाय की अक्का.”

“कुठला?”

माझे हात दोन्ही पावलांवर होते. ती छताकडे बघत होती, आणि मशीनसमोरही मी कधी पाहिली नव्हती अशी भीती तिच्या डोळ्यांत होती.

“आपण भ्यायचं तेवढं भ्यालो की रं,” ती म्हणाली. “पायाचं कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई.”

पहाटे ती गेली. आमच्या रीतीप्रमाणे तिला बसवून माती दिली. दस्तगीर खड्ड्याच्या कडेला अनवाणी उभा होता आणि मी त्याच्या पायांकडे बघत होतो.

कारखाना आता तो चालवतो. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक काढून त्यानं दोरीला बांधलाय. सकाळी काम सुरू व्हायच्या आत तो चुंबक साऱ्या फरशीवरून ओढत नेतो, मशीनखालून, थप्पीमागून, दारापर्यंत. कॉलेजला जाताना मी कधीकधी थांबतो. आदल्या संध्याकाळी झाडून घेतलेलं असतं. फरशी स्वच्छ दिसत असते. दस्तगीर चुंबक उचलून उजेडात धरतो, आणि आम्ही दोघे वाकून बघतो. दर वेळी काहीतरी चिकटलेलं असतंच.