हिरव्या दोराचे पट्टे

दाजी गेल्याची बातमी मला पालीच्या बाजारात मिळाली. सुक्या मिरच्या निवडत होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. मिरच्या तशाच टाकून निघालो, आणि मिरकरवाड्याला पोचेपर्यंत डोळे नेमके कशाने चुरचुरताहेत ते कळलं नाही. याला आता पाच आठवडे झाले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. मच्छीमाराच्या घरात जन्मले, पण आयुष्य काढलं मालवाहू जहाजांवर. खलाशी म्हणून चढले आणि सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होऊन उतरले. माणूस हट्टी, बोलायला मोकळा आणि स्वतःच्या हुशारीवर भलताच खूश.

सुट्टीवर आले की ओटीवर बसून जगाच्या गोष्टी सांगायचे. त्यातली एक वाडीत सगळ्यांना पाठ होती. त्यांचं जहाज यादवी पेटलेल्या एका देशाच्या लहानशा बंदराला लागलं होतं. बंदर बंडखोरांच्या ताब्यात. कागदावर तंबू आणि औषधं, खाली मात्र बंदुकांच्या पेट्या, कुठल्याशा बड्या देशाने बंडखोरांसाठी पाठवलेल्या. तिथलं सरकार जुलमी होतं याबद्दल दाजींना शंका नव्हती, मलाही नाही. धक्का मोडलेला, त्यामुळे माल उतरवायला नऊ दिवस लागले. बंडखोर जहाजावर यायचे, आणि जहाजाचा स्वयंपाकी विठू, गुहागरचा, दाजींचा जिवाभावाचा दोस्त, त्यांना भात आणि माशाचं कालवण वाढायचा. बंदुकांना खांद्यावर अडकवायचे पट्टेच आले नव्हते. जाळी विणणारे हात ते बघून स्वस्थ बसतील कसे? दाजींनी घरून नेलेला हिरवा नायलॉनचा दोर काढला आणि पन्नासेक पट्टे विणून दिले, वडिलांनी शिकवलेल्या दुहेरी गाठीचे. "दोर तुटंल, पण गाठ नाय सुटायची," असं ते मिशीत हसत सांगायचे. पुढे ते सरकार पडलं तेव्हा त्यांनी वाडीत पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

दोन वर्षांनी ते जहाज पुन्हा त्याच बंदरात गेलं, या वेळी तांदूळ घेऊन. तिथून दाजी परत आले ते विठूचं शव घेऊन. "गोळीबारात सापडला," एवढंच म्हणाले. नंतर दरवर्षी ते गुहागरला विठूच्या बायकोकडे, सुनंदावहिनींकडे, जात राहिले. ती त्यांना जेवल्याशिवाय सोडत नसे. माझ्या माणसाला यांनी घरी आणलं, असं येईल त्याला सांगे. दाजी परतले की दोन दोन दिवस कुणाशी बोलत नसत. "गुहागरची हवा मानवत नाही वाटतं," असं मी एकदा चिडवलं होतं. आज त्याची लाज वाटते.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी हृदय थकल्याचं सांगितलं. दुसऱ्याच दिवशी दाजी मला म्हणाले, "सदा, गाडी काढ. गुहागरला जाऊया." जयगडच्या खाडीत फेरीबोटीवर त्यांनी मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. सरकार पडल्यावर बंडखोरांचे दोन तट झाले. बंदुका त्याच, आता एकमेकांवर रोखलेल्या. त्यातला एक तट तांदूळ लुटायला जहाजावर चढला. त्यात एक ओळखीचा चेहरा दिसला, म्हणून विठू हात उंचावून पुढे झाला. "याला मी जेवू घातलाय," असं म्हणत होता... गोळी त्याच माणसाने झाडली. त्याच्या खांद्यावर हिरवा पट्टा होता.

सुनंदावहिनींपुढे दाजींनी हे काही न लपवता सांगितलं. मी खाली मान घालून बसलो होतो. ती उठून चुलीवरचा भात उतरवून आली. मग म्हणाली, "पट्टा तुम्ही विणलात. ज्यांनी बंदुका धाडल्या, त्यांच्यातला कोण आला काय हो कधी, असा समोर बसून सांगायला?"

"नाय," दाजी म्हणाले.

"मग जेवून जा."

तिने वाढलं, आम्ही जेवलो. दरवर्षी ती 'पुन्हा या' म्हणायची, त्या दिवशी म्हणाली नाही. परतताना दाजी म्हणाले, "बरोबर हाय तिचं." बाजू खरी असली म्हणून हत्यार आपलं राहत नाही, ते ज्याच्या हाती जाईल त्याचं होतं, हे मला कुणा तज्ज्ञाने नाही, दाजींनी शिकवलं. आणि शिकायची किंमत विठूने दिली, हे मला अजून गिळता येत नाही.

कुठल्याशा बंडखोरांना शस्त्रं पुरवणार अशी बातमी पेपरात आली की दाजी चष्मा काढून विचारायचे, "यांचं जेवण कोण करतंय?" आम्ही हसायचो. परवा गेलो तर आक्का ओटीवर पेपर घेऊन बसली होती. फोटोत काही तरुण नव्या बंदुका उंचावून हसत होते. आक्काने फोटोवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "सदा, यांचं जेवण कोण करतंय रे?"

मी पेपर हातात घेतला आणि बातमी शेवटपर्यंत वाचली. बातमीत ते नव्हतं.