एका दमातली ओळ

कॉलेजची ट्रेन पकडण्याआधी पापाकुरा स्टेशनाशेजारच्या बागेत मला एक चिनी आजोबा रोज दिसायचे. लांब दांड्याचा कुंचला पाण्यात बुडवून ते फरशीवर लिहायचे. हात खांद्यापासून फिरायचा, पावलंही सरकायची आणि कुंचला न उचलता अख्खी ओळ एका दमात उतरायची.

हिवाळ्यातल्या आजारपणानंतर ते परतले, तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. ओळ मध्येच तुटायची. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

एकदा मला राहवलं नाही. मी त्यांचं मनगट हलकेच धरलं. ओळ पूर्ण झाली.

ती बराच वेळ पाहून ते मोडक्या इंग्रजीत म्हणाले, “चांगली आलीय. पण ही तू लिहिलीस.”

आता ते कुंचल्याशिवाय येतात, मला पाहून हसतात. त्यांना सॉरी म्हणायला मला अजून जमलेलं नाही.