मास्तरांची दोन पिंपं

अख्ख्या पालघर जिल्ह्यात सगळ्यात भित्रा माणूस कोण अशी स्पर्धा ठेवली, तर आमच्या वरच्या मजल्यावरचे मास्तर बिनविरोध पहिले येतील. फक्त बक्षीस घ्यायला जाणार नाहीत, मंडप कोसळेल म्हणून. पालघरच्या कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आणि बोईसरला आमच्या डोक्यावर राहायला आले. बायको आधीच गेलेली, घरात एकुलती एक मुलगी नंदा. ती तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये कामाला, आणि मास्तरांच्या सगळ्या भीतींचं मूळ तिथेच.

त्यांच्या गॅलरीच्या गजाला नंदाच्या जुन्या ओढणीची चिंधी बांधलेली असायची. वारा कुठून येतो ते कळावं म्हणून. गॅस सुटला तर वाऱ्याच्या आडवं पळायचं, हे त्यांनी बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला जिन्यात अडवून शिकवलं होतं. दाराशी खिळ्याला, नाकातोंडावर धरायला, एक ओला पंचा कायम टांगलेला. डासांची कॉइल ते दर आठवड्याला वेगळ्या कंपनीची आणत. मी एकदा कारण विचारलं, तर आवाज खाली आणून म्हणाले, "एका धुराने सगळे डास मरत नाहीत हो. जे उरतात त्यांची पोरं मग तोच धूर हुंगत आपल्या उशाशी बसतात." त्या रात्री मी मच्छरदाणी चारही बाजूंनी खोचून झोपलो.

डासांवर दुसरा उपाय म्हणजे गप्पी मासे. आरोग्य केंद्रातून आणलेले, बिल्डिंगमागच्या दोन पिंपांत सोडलेले. लाल शेपटीचे, काळ्या शेपटीचे, ठिपक्यांचे, मळकट, सगळे एकत्र. पहिल्या पिंपावर एक खंड्या बसायला लागला. भडक लाल मासा त्याला लगेच दिसायचा, मळकट सुटायचे, आणि मग पिल्लंही मळकटांचीच वाढायची. होता होता त्या पिंपात लाल शेपट्या औषधापुरत्या उरल्या. मास्तर खंड्यावर रागवत नसत. पण दुसरं पिंप धुताना टाकी साफ करणाऱ्या माणसाच्या पायाने माशांची बादली लवंडली, बहुतेक मासे गटारात गेले, बुडाशी राहिलेले तेवढे वाचले. वाचलेल्यांतले नर नेमके काळ्या शेपटीचे निघाले. पुढे त्या पिंपात जन्मलेला प्रत्येक नर काळ्या शेपटीचा. हे पाहून मात्र मास्तरांना जेवण जाईना. म्हणाले, "खंड्याला निदान कारण विचारता येतं. लवंडलेल्या बादलीला काय विचारणार?"

सातपाटीहून मासळी घेऊन येणाऱ्या मावशीला या प्रकाराचं भारी हसू यायचं. "आमी मासं खातो, मास्तर मासं पोसतात. आनि ते पन असलं, ज्यात काटा सुदा नाय!"

त्या दुपारी मावशी खाली टोपली उतरवून बसली होती, तेव्हाच एमआयडीसीच्या बाजूने धडाम असा आवाज झाला. बिल्डिंगच्या काचा थरथरल्या. बोईसरमध्ये असा आवाज झाला की माणसं आधी धूर बघतात आणि मग फोन लावतात. धूर नंदाच्या कंपनीच्या अंगाला होता. तिचा फोन लागेना. मास्तर खाली आले आणि पिंपाची कड घट्ट धरून उभे राहिले. जन्मभर वाऱ्याची दिशा बघणारा माणूस, त्याने ओढणीकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. मावशी म्हणाली, "घाबरू नका मास्तर. पोर तुमची हुशार हाय, तिला काय नाय व्हायचं."

मास्तर म्हणाले, "बादलीतून गेले ते काय बावळट होते, मावशी?"

संध्याकाळी नंदा एका रिक्षातून उतरली. केसांत राख, पायांत एकच चप्पल. दुसरीचा पट्टा तुटला होता, म्हणून ती गेटवरच्या चांभाराकडे गेली होती, तेवढ्यात हे झालं. तिच्या टेबलाशी काम करणारी मुलगी आतच राहिली. मास्तरांनी नंदाला जवळ घेतलं, त्या मुलीचं नाव विचारलं, आणि "ती काय कमी हुशार होती?" म्हणत जिन्यात बसून ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवसापासून ते लोणच्याच्या बरण्यांत मासे घेऊन दारोदार फिरू लागले. ज्याच्याकडे पिंप त्याला मासे, नको म्हणणाऱ्यालाही मासे. दोन्ही पिंपांतले मिसळून. "सगळे एका पिंपात नकोत," एवढंच म्हणत. लाल शेपटीचा एक नर आणि दोन मळकट माद्या माझ्या वाट्याला आल्या, त्याही सतरा सूचनांसकट. पुढे नंदाने नाशिकला नोकरी धरली आणि बापलेक गेले. वरची गॅलरी रिकामी झाली. त्यांच्या भीतीची आम्हाला इतकी सवय झाली होती, की आता आम्हाला आमचं आमचं घाबरावं लागतं, आणि ते काही नीट जमत नाही.

परवा पुन्हा तसाच आवाज झाला. मी गॅलरीत धावलो. वरच्या गजाला ओढणीची विटलेली चिंधी अजून होती. या वेळी कोणाला काही झालं नाही असं कळलं, तरी मी मास्तरांना फोन लावला.

"वारा कुठला?" त्यांनी आधी हेच विचारलं.

मी सांगितलं. मग म्हणालो, "मास्तर, माझ्या पिंपात पिल्लं मोठी झालीत. बरीच लाल शेपटीची आहेत."

ते अगदी हळू म्हणाले, "फोनवर एवढ्या मोठ्याने नको. खंड्या ऐकेल."